जोडघास

"आवळ्याएवढा नको, मावशी. बोराएवढा घ्या," नाझनीन म्हणाली. "आणि दोघांनी एकदम. तुम्ही गिळलंत की हे गिळणार. तुम्ही थांबलात की हे थांबणार."

रत्नमालाने चमच्यातली निम्मी खिचडी ताटलीत परत टाकली. तिच्या गळ्याभोवती फिकट निळा रबरी पट्टा होता. तसाच पट्टा शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या जयसिंगच्या गळ्यात होता. जयसिंग तिचा धाकटा भाऊ, साठी गाठलेला. या बहीणभावांनी शेजारी बसून जेवल्याला एकोणीस वर्षं झाली होती. आज शेजारी बसले होते, पण एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"काका, हनुवटी छातीला टेकवा. नजर ताटलीत. शेजारी कोण काय करतंय ते बघायचं नाही. मान खाली असली की श्वासाच्या वाटेचं तोंड आडोशाला जातं. हं, घ्या आता."

रत्नमालाने घास तोंडात घेतला, जिभेवर फिरवला आणि गिळला. त्याच क्षणी जयसिंगचा कंठमणी वर चढला, जरासा थबकला आणि खाली आला. टेबलावरच्या छोट्या पेटीचा दिवा हिरवा झाला.

"गेला," जयसिंग घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग पलंगाशी उभ्या असलेल्या बायकोकडे वळून, "कांचन, गेला गं खाली!"

कांचनने पदर तोंडावर धरला. तीन महिने तिने नवऱ्याच्या नाकातल्या नळीतून पातळ पेज सोडली होती. तोंडाने खाल्लेला हा त्याचा पहिला घास.

हे पट्टे काय करतात ते कळायला आधी आपला घसा कळायला हवा, आणि तो काही अवघड नाही. घशात दोन वाटा एकमेकींना ओलांडून जातात. हवा नाकातून येते आणि पुढच्या नळीत, म्हणजे श्वासनलिकेत उतरते. अन्न तोंडातून येतं आणि मागच्या नळीत जातं. जिथे वाटा ओलांडतात तिथे फाटक लागतंच. रस्ता आणि रूळ एकत्र आले की असतं, तसं. आपण घास गिळतो तेव्हा हे फाटक श्वासाची वाट जेमतेम सेकंदभर बंद करतं, अन्न मागून निघून जातं, आणि फाटक पुन्हा उघडतं. दिवसातून पाच-सहाशे वेळा हे घडतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. कारण फाटकवाला आपल्या मानेच्या वर, मेंदूच्या देठात बसलेला असतो, आणि तो कधी रजा घेत नाही.

जयसिंगच्या मेंदूच्या देठात रक्ताची एक गुठळी अडकली. मुगाच्या दाण्याएवढी जागा मेली. हात शाबूत, पाय शाबूत, डोकं आणि राग दोन्ही शाबूत. फक्त फाटकवाला गेला.

गिळण्याचा नमुना आधीच टिपून ठेवावा आणि घासागणिक घशाच्या नसांना तोच द्यावा, असं संशोधकांनी पहिल्यांदा करून पाहिलं. जमलं नाही. पाण्याचा घोट, भाकरीचा तुकडा, घोटलेला भात, प्रत्येकाला फाटक वेगळा वेळ बंद ठेवावं लागतं. जिवंत घसा घासाचं वजन ओळखून ती वेळ ठरवतो, यंत्राला ते साधेना. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, मग जिवंत घसाच का वापरू नये? एका निरोगी माणसाने तोच पदार्थ, तेवढाच, त्याच वेळी खायचा. त्याच्या पट्ट्याने घशाच्या स्नायूंची हालचाल टिपायची आणि पापणी लवायच्या आत रोग्याच्या पट्ट्याला सांगायची. निरोगी माणूस स्वतःसाठी जे फाटक लावतो, तेच दुसऱ्याच्या गळ्यात लागतं. चाळीस दिवस असं जोडीने जेवलं, तर मेंदूतल्या शेजारच्या पेशी ते काम शिकतात आणि पट्टा सुटतो.

मात्र दोन घशांची ठेवण आणि लय जुळावी लागते. कांचनची जुळली नाही, मुलाची जुळली नाही. म्हणून एका सकाळी कांचन चार किलोमीटर चालत तळटेकला, नणंदेच्या गावी गेली आणि तिच्या दारात उभी राहिली. "वन्सं, तुमचं-त्यांचं काय असेल ते असो. ते नळीवर आहेत." रत्नमालाने पायांत चपला घातल्या आणि निघाली. तिची लय जुळली.

"छान!" दहावा घास संपल्यावर नाझनीन म्हणाली. ती तालुक्याच्या रुग्णालयातली गिळण्याच्या उपचारांची तज्ज्ञ, नाझनीन बागवान, वय अठ्ठावीस. "उद्यापासून घरी. सकाळी नऊ आणि दुपारी एक. एकाच भांड्यातलं अन्न, दोघांनी."

"घरी म्हणजे?" रत्नमालाने विचारलं.

"काकांच्या घरी. पेटी तिथंच बसवणार, थुंकी ओढायचं यंत्र पण तिथंच. का, लांब पडतं का?"

"नाही," रत्नमाला म्हणाली. "लांब नाही."

*

लांब तर होतंच. एकोणीस वर्षं लांब.

त्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला होता. रत्नमाला सेवेला माहेरी राहिली होती. एका दुपारी आई पाणी पाणी करायला लागली. तोंडाने काही द्यायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून तिने फक्त ओल्या कापसाने तिचे ओठ भिजवले. चार दिवसांनी आईला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. तेराव्याच्या पंगतीत, भावकी जेवत असताना, जयसिंग सगळ्यांसमोर म्हणाला, "आक्कानं पाणी पाजून मारलं आईला."

रत्नमालाच्या हातात पहिला घास होता. तिने तो पानात ठेवला, उठली आणि आईच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "तुझी शपथ घेते आई. या घरात पुन्हा घास उचलणार नाही, पाण्याचा थेंब घेणार नाही." मग उंबरा ओलांडला. भाऊबीज सुटली, लग्नकार्यं सुटली. भाच्याच्या लग्नात तिने मांडवाबाहेर उभं राहून अक्षता टाकल्या आणि गेली.

शपथ मोडली तर आभाळ कोसळत नाही, हे रत्नमालाला कळत होतं. तीस वर्षं अंगणवाडीत मुलांना वाढवलेली बाई ती, देवभोळी नव्हती. पण त्या शपथेवर ती एकोणीस वर्षं ताठ उभी होती. ती काढून घेतली तर खाली काय उरतं, हे तिला बघायचं नव्हतं.

आणि तिच्याकडे एक उपाय होता. अंगणवाडीत जी पोरं खायला तोंड उघडत नसत, त्यांच्यासमोर ती बसायची. रिकामा चमचा तोंडाशी न्यायची, ओठ मिटायची, गाल हलवायची, डोळे मिटून घटकन गिळायची. "बघ बाई कित्ती गोड! संपवू का मी सगळं?" पोरं हातातला चमचा हिसकावून घ्यायची. तीस वर्षांत एकाच पोरीने तिला पकडलं होतं. "बाई, तुमच्या तोंडात काहीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता रत्नमाला भावाच्या स्वयंपाकघरात त्याच्या उजव्या हाताला, भिंतीशी बसली. "माझ्यासमोर कुणी बसू नका," ती कांचनला म्हणाली. "म्हातारपणी कुणी बघत असलं की मला जेवण जात नाही." कांचन जयसिंगच्या डाव्या बाजूला, पेटीच्या दिव्यावर नजर लावून बसली. जयसिंगने हनुवटी छातीला लावली.

रत्नमालाने चमचा भरला, पदराआड नेला. पदराखाली मांडीवर स्टीलचा डबा उघडा होता. घास त्यात पडला. रिकामं तोंड तिने हलवलं आणि तोंडातली लाळ गिळली.

जयसिंगचा कंठमणी वर गेला, खाली आला. दिवा हिरवा.

चालतंय की, रत्नमाला मनात म्हणाली. यंत्र तरी अंगणवाडीतल्या पोरापेक्षा शहाणं कुठं आहे!

*

पहिले चार दिवस बरे गेले. डब्यातली खिचडी ती घरी नेऊन कोंबड्यांना टाकायची. शेजारच्या सगुणामावशीने कुंपणावरून विचारलंही, "रत्ना, तुझ्या कोंबड्या बाळंतिणीसारख्या सुटल्या की गं! काय खाऊ घालतीस?"

पाचव्या दिवसापासून दिवा मधूनमधून पिवळा व्हायला लागला. पिवळा म्हणजे घशाच्या खोबणीत थोडा घास मागे राहिला. नाझनीनने सांगून ठेवलं होतं की असं झालं तर लगेच आणखी एकदा गिळायचं. रत्नमाला इमानाने आणखी एकदा लाळ गिळायची. दिवा हिरवा व्हायचा. पुढच्या घासाला पुन्हा पिवळा.

"वन्सं, हे असं का होतंय?" कांचनने विचारलं.

"नवं आहे अजून. बसेल हळूहळू."

भाऊ तिच्याशी बोलत नव्हता, पण आता तिच्या येण्याची वेळ बघायचा. आठव्या दिवशी ती दहा मिनिटं उशिरा पोचली, तर तो दारात उभा होता. तिला पाहताच वळून आत गेला आणि गळ्यात पट्टा बांधायला लागला. तिने ते पाहिलं आणि पिशवीतला डबा जरा खाली दाबला.

नवव्या दिवशी त्याला ताप आला.

नाझनीन विजेच्या स्कूटरवरून तासाभरात पोचली. तिने ऐकण्याचं बटन त्याच्या पाठीवर टेकवलं. उजव्या बाजूला खाली थबकली. पुन्हा ऐकलं.

"अन्न फुप्फुसात उतरतंय," ती म्हणाली.

"पण ते खोकले नाहीत!" कांचन म्हणाली. "एकदासुद्धा नाही. मी शेजारीच असते."

"तेच तर वाईट आहे, काकू. आपल्या श्वासनलिकेत कण गेला तर आपण खोकून बेजार होतो. तो खोकला म्हणजे राखणदार. काकांचा फाटकवाला गेला तेव्हा राखणदारही गेला. आत काय शिरतंय ते यांना कळतच नाही. मुकाट्यानं शिरतं." तिने औषधाची पुडी काढली. "अशा आजारात कुणी काही न भरवताही न्यूमोनिया होतो. माणसाची स्वतःची थुंकी पुरते. किती घरांत मग नातेवाईक एकमेकांना दोष देत बसतात. तू पाजलंस, तू भरवलंस. कुणी काही केलेलं नसतं."

रत्नमाला भिंतीकडे बघत होती, जयसिंग खिडकीकडे. फक्त कांचनने एकदा दोघांकडे पाहिलं.

"पाच दिवस तोंडानं काही नाही," नाझनीन म्हणाली. "पुन्हा नळी. मी तोवर हे पट्टे तपासून आणते."

रत्नमाला घरी आली. डबा घासून पालथा घातला आणि ओट्याशी उभी राहिली. पाच दिवस तिने स्वतःला समजावलं. यंत्र नवं आहे. त्याच्या नसाच गेल्यात. गिळणं ते गिळणं, त्यात लाळ काय आणि खिचडी काय? मी तर रोज गेले. एक वेळ चुकवली नाही. सहाव्या दिवशी पहाटे कोंबड्यांना दाणे टाकताना तिचा हात मध्येच थांबला. पाच दिवस खिचडी मिळाली नव्हती, तर त्या दाण्यांना तोंड लावत नव्हत्या.

*

ताप उतरला होता. सकाळी नाझनीन आली तेव्हा रत्नमाला आपल्या जागी भिंतीशी बसली होती. नाझनीनच्या हातात दोन्ही पट्टे होते आणि एक कागद.

"पट्ट्यात काही दोष नाही," ती म्हणाली. "दोन्ही उत्तम चालतात. रुग्णालयात दहाच्या दहा घास स्वच्छ गेले. घरी आल्यावर बिघडलं. आता घरी आणि तिथं फरक काय? अन्न. काकू, तुम्ही खिचडी कशी करता ते मला करून दाखवा."

कांचनने करून दाखवली. तांदूळ, मूग, मोजून पाणी, मिक्सरमधून काढून वर घट्ट करायची पूड, मापाच्या चमच्याने सपाट. नाझनीनने चमचा तिरका करून पाहिला. गोळा सावकाश घसरला.

"आज बरोबर आहे," नाझनीन म्हणाली. "पण रोज अशीच असते का? घाईत कधी पातळ झाली, पूड कमी पडली—"

"मी मोजते. रोज मोजते."

"काकू, मी दोष देत नाही. पण मला कारण लिहावं लागतं. माझ्या यादीत चौदा माणसं या पट्ट्यांच्या जोडीची वाट बघतायत. कारण सापडलं नाही तर आज पट्टे परत न्यायचे असा या कागदावर आदेश आहे. मग यांच्या पोटाला भोक पाडून कायमची नळी."

जयसिंगचा चेहरा काळवंडला. त्याने टेबलावर हात आपटला.

"पातळ करते ही!" घोगरा आवाज फाटत होता. "मी बघतो ना. फोनवर बोलत बोलत करते. लक्ष नाही. मला... पाणी पाजून मारणार ही!"

कांचन डाव हातात धरून तशीच उभी राहिली. तिने रडायला तोंड उघडलं नाही, उलटून बोलली नाही. नुसती डावाच्या टोकाला चिकटलेल्या खिचडीकडे बघत राहिली. ती घट्ट होती. पडत नव्हती.

रत्नमालाने तो चेहरा पाहिला. हा चेहरा बाहेरून कसा दिसतो ते तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने तो फक्त आतून ओळखला होता, एकोणीस वर्षांपूर्वी, याच घरात, हातात पहिला घास असताना.

"कांचन मोजते," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"ती बरोबर मोजते. मीच खात नव्हते." तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. "घास यात टाकत होते, घरी नेऊन कोंबड्यांना घालत होते. तोंड हलवायचं आणि थुंकी गिळायची. नऊ दिवस. या घरात खायचं नाही अशी आईची शपथ घेतली होती मी."

नाझनीनने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"मावशी," ती म्हणाली, "अहो, काय केलंत हे?"

"गिळणं ते गिळणं, असं वाटलं मला."

"नाही हो! नाही!" नाझनीनचा आवाज चढला. "थुंकीचा घोट केवढा? थेंबभर. त्याला तुमचा घसा फाटक जरासं लावतो आणि लगेच उघडतो. बस्स, तेवढंच काकांच्या गळ्यात गेलं. यांच्या तोंडात बोराएवढी खिचडी, आणि फाटक थेंबापुरतं! उरलेलं कुठं जाणार? दिवा पिवळा झाला की तुम्ही पुन्हा थुंकी गिळलीत. म्हणजे खोबणीत अडकलेलं आणखी आत ढकललंत. मी पट्टा उघडून दोनदा तपासला. या बाईंवर आत्ता संशय घेतला. तुम्ही समोर बसून गप्प?"

"होय," रत्नमाला म्हणाली. "गप्प बसले."

ती भावाकडे वळली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलत होती.

"जया, आईच्या वेळी तू म्हणालास ते खोटं होतं. या वेळी म्हणशील तर खरं आहे. म्हण."

जयसिंगने तोंड फिरवलं. कांचनने डाव ओट्यावर ठेवला. आवाज जरा मोठा झाला.

"वन्सं," ती हळू म्हणाली, "शपथ होती तर मला सांगायचं होतं. मी अंगणात चूल मांडली असती. झाडाखाली पेटी नेली असती. वायर काय, ती ओढता येते."

हे इतकं सोपं होतं. रत्नमालाने खिडकीतून अंगणातल्या झाडाकडे पाहिलं.

नाझनीनने घड्याळ पाहिलं, कागद पाहिला. "कारण सापडलं," ती म्हणाली. "ताप नाही, छाती त्या दिवसापेक्षा बरी आहे. आत्ता माझ्यासमोर दहा घास स्वच्छ गेले, तर मी हा कागद फाडीन. नाही गेले तर पट्टे नेईन. पण मावशी, खरं खायचं. मी समोर बसणार."

कांचनने दोन ताटल्यांत खिचडी वाढली. नाझनीनने पट्टे बांधले. पेटी सुरू झाली.

"मी नाही खाणार," जयसिंग म्हणाला.

"अहो!" कांचन म्हणाली.

"हिच्या भरवशावर नाही. मान खाली घालायची, आणि ही काय करते ते दिसणार नाही. नऊ दिवस घातली मान. पोटाला भोक पाडा. चालेल." त्याने ताटली लोटली आणि ओठ घट्ट मिटले. आई पानात कारलं वाढायची तेव्हा लहानपणी मिटायचा, अगदी तसे.

नाझनीन काही बोलणार होती. रत्नमालाने हात वर करून तिला थांबवलं. अशी तोंडं तिने तीस वर्षं पाहिली होती. जबरदस्तीने ती उघडत नाहीत आणि नाटकाने उघडायचे दिवस आता संपले होते.

"कांचन," ती म्हणाली, "मला पाणी दे. साधं. तांब्याभर."

"मावशी, पट्टा चालू आहे," नाझनीन म्हणाली. "तुम्ही प्यालात तर यांचाही घसा हलेल."

"त्याचं तोंड रिकामं आहे ना?"

नाझनीनने क्षणभर विचार केला. "आहे. मग काही अपाय नाही."

कांचनने तांब्या आणला. पितळी होता, जुना. रत्नमालाने तो दोन्ही हातांनी धरला. समोरच्या भिंतीवर आईचा फोटो होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पाहायचं सोडलं. थोडं पाणी साडीवर सांडलं. तांब्या ओठांना लागला. पाणी गार होतं. तोंडभर घेतलं आणि गिळलं.

जयसिंगचा कंठमणी उचलला गेला. या नऊ दिवसांत उचलला गेला होता तसा उडत उडत नव्हे. पुरता वर चढला, तिथे थांबला, आणि सावकाश खाली आला. त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला. आतून त्याला फारसं कळत नव्हतं, म्हणून बोटांनी बाहेरून कसं चाचपायचं ते नाझनीनने त्याला शिकवलं होतं.

रत्नमालाने दुसरा घोट घेतला. तिसरा. चालून आलेल्या, तहानलेल्या माणसासारखी ती प्यायला लागली. तहान किती होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक घोटाला जयसिंगच्या बोटांखाली त्याचा घसा भरून वर येत होता, थांबत होता, उतरत होता. पाणी तिच्या पोटात जात होतं आणि तो बोटं न काढता बसून होता.

तांब्या निम्मा झाला तेव्हा ती थांबली. धाप लागली होती.

"आईला," जयसिंग म्हणाला. तो खाकरला, पुन्हा सुरू केलं. "आईला काय दिलं होतंस त्या दिवशी?"

हा प्रश्न त्याने कधीच विचारला नव्हता. तेव्हाही नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "कापूस ओला करून ओठांना लावला. मागत होती रे. मी नाही दिलं. मागत होती तरी नाही दिलं."

जयसिंगने गळ्यावरचा हात काढला. टेबलावरचा स्टीलचा डबा त्याने जवळ ओढला.

"कोंबड्यांनी खाल्लं काय सगळं?" त्याने विचारलं.

"हो."

"माजल्या असतील."

"लई."

त्याने लोटलेली ताटली पुढे ओढली. चमचा भरला. जरा जास्तच भरला होता. रत्नमालाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बोराएवढा."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि निम्मा घास परत टाकला.

तिने आपला चमचा भरला. त्याच्या घासाशेजारी धरून पाहिला. सारखा होता. नाझनीन समोर सरसावून बसली, कांचनने दिव्यावर नजर लावली.

जयसिंगने एकदा शेजारी पाहिलं. बहिणीच्या हातातला चमचा तोंडाशी होता, पदर खांद्यावर मागे टाकलेला होता. मग त्याने घास तोंडात घेतला, डोळे मिटले आणि हनुवटी छातीला टेकवली.